‘इम्युनिटी’ वाढवून देणाऱ्या वैद्य मंडळींना, एआरटी सेंटरच्या बाकावरून

प्रति,
एचआयव्हीबाधितांना ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधं देणारे सर्व वैद्य,
तसेच आयुर्वेद महाविद्यालयांतील संशोधक

विषय : चीनचा दाखला देण्याआधी चीनमध्ये काय झालं ते नीट वाचण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्राखाली नाव नाही म्हणून ते केराच्या टोपलीत टाकू नका. माझी ओळख गुप्त ठेवण्याचा हक्क मला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलाय, आणि गल्लीत मी अजूनही ‘थायरॉईडची गोळी’ घेते. एवढंच सांगते की मी दक्षिण महाराष्ट्रातली, ब्लाउज-ड्रेस शिवून घर चालवणारी बाई आहे. गेली काही वर्षं आमच्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्ही दाबणाऱ्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, बाकावर नव्याने आलेल्या माणसांशेजारी बसायचं बिनपगारी काम करते.

माझी पत्रिका थोडक्यात मांडते. २००३ साली मुलगी पोटात असताना तपासणीत निघालं. कळा सुरू झाल्यावर मला नेव्हिरापीनची एक गोळी दिली, बाळाला दोन थेंब सिरप. मुलगी निगेटिव्ह राहिली. नवरा त्याच पावसाळ्यात गेला. सरकारने फुकट एआरटी २००४ च्या एप्रिलपासून सुरू केली होती, पण त्या वेळी सीडीफोर (एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचा रक्तातला आकडा) दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. २००५ साली माझा सीडीफोर ६४ निघाला, मग मिळाल्या. स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन, नेव्हिरापीन. तळपायांची आग व्हायची, गाल बसले, पण जगले. आज रोज रात्री नऊला एकच गोळी असते, टीएलडी, तीन औषधं एकत्र असलेली. व्हायरल लोड कित्येक वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतो. आणि सीडीफोर? मागच्या वेळी २२८ होता.

म्हणजे विषाणू रक्तात सापडत नाही, गोळी एकदाही चुकत नाही, तरी पेशी काही वर चढत नाहीत. आमच्यासारख्यांना डॉक्टर मंडळी ‘इम्युनॉलॉजिकल नॉन-रिस्पॉन्डर’ म्हणतात. दहांतले एक ते तीन असे असतात, व्याख्या कुठली धरता त्यावर आकडा हलतो. बाकावर आम्ही त्याला ‘आकडा अडकला’ म्हणतो. आणि वैद्य मंडळींनो, तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे हे अडकलेल्या आकड्याचे लोक. ज्याचा सीडीफोर सातशे आहे तो तुमच्या पायऱ्या चढत नाही.

मीही चढले होते. २००७ साल. तालुक्याच्या गावचे एक वैद्य, नाव सोडा, आता ते हयात नाहीत. बोलायला फार गोड माणूस. नाडी बघून म्हणाले, इंग्रजी गोळ्यांची उष्णता अंगात साठलीय, त्या थांबवल्याशिवाय माझ्या पुड्या लागू पडायच्या नाहीत. तळपायांची आग तर मला होतच होती, त्यामुळे पटलं. चार महिने थांबवल्या. आधी कमरेला नागीण उठली, मग खोकला, मग टीबी. १८० पर्यंत चढलेला सीडीफोर ७१ वर आला. टीबीच्या औषधांबरोबर नेव्हिरापीन चालेना म्हणून एफाविरेन्झ दिलं, त्याची ती स्वप्नं! रात्रभर मशीन चालवतेय आणि सुईत दोराच नाही. माझा आकडा आज अडकलाय तो त्या चार महिन्यांमुळेच, असं मी म्हणणार नाही. ६४ वर सुरुवात करणाऱ्याचा आकडा तसाही अडकतो, म्हणून तर २०१७ पासून सीडीफोर न बघता लगेच गोळ्या सुरू करतात. पण ते चार महिने सेंटरच्या नोंदींच्या माझ्या हिरव्या पुस्तकात आहेत. एक पान कोरं आहे.

आता आजचं. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. ‘चीनने सिद्ध केले! वनौषधींनी आतड्यातील जिवाणू सुधारून एचआयव्ही रुग्णांची प्रतिकारशक्ती परत येते.’ खाली आपल्याकडच्याच एका पॅकिंगचा फोटो, काढा आणि कॅप्सूल, महिन्याचे ४,८०० रुपये. तिघांनी मागवलं. त्यातल्या एका गवंड्याने मला विचारलं, ‘ताई, हे सुरू केल्यावर टीएलडी कधी सोडायची?’ पत्र लिहायला बसले ते त्या प्रश्नामुळे.

तो मेसेज निव्वळ थाप असता तर पत्राची गरज नव्हती. त्यात अर्धं खरं आहे, आणि मुलगी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत असल्यामुळे ते अर्धं तिने मला समजावून सांगितलं. तेच तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. तुमचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, तरी ऐका.

रक्ताची बाटली भरून आपण सीडीफोर मोजतो, पण या पेशींची खरी वस्ती रक्तात नाही. सीडीफोर ज्यांच्यात मोडतात त्या लिम्फोसाइट पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो. एचआयव्ही शिरला की पहिल्या काही आठवड्यांत तिथेच तुटून पडतो. माकडांवर हे नव्वदच्या दशकात दिसलं, माणसांत २००४ साली. रक्तातला आकडा ठीकठाक दिसत असताना आतड्यातली फळी कापली गेलेली असते. आणि त्यातही ज्या पेशी आतड्याच्या अस्तराची राखण करतात, टीएच-१७ म्हणतात त्यांना, त्या आधी जातात.

अस्तर हा शब्द मला कोणी शिकवायला नको. आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. आत कोट्यवधी जिवाणू, बाहेर रक्त, आणि मध्ये एवढंच. मुलगी म्हणाली, ‘आई, ब्लाउजचं अस्तर काखेत उसवल्यावर वरून काही दिसत नाही, पण आतली शिवण टोचत राहते ना, तसं.’ उसवलेल्या जागेतून जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एचआयव्हीबाधितांच्या रक्तात ते मोजून दाखवले. आणि हे तुकडे दिसले की शरीराची पहारेकरी यंत्रणा शिट्ट्या मारत उठते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. एआरटीने विषाणू दबतो, पण उसवलेलं अस्तर पुरतं सांधत नाही. शिट्ट्या कमी होतात, बंद होत नाहीत. सतत जागं राहून पेशी थकतात, मरतात, नव्या तयार व्हायची जागा खराब होते. आकडा अडकण्यामागचं हे एकच कारण नाही, पण मोठं आहे.

म्हणून, वैद्य मंडळींनो, माझा पहिला आक्षेप तुमच्या पाकिटावरच्या ‘इम्युनिटी बूस्टर’ या शब्दालाच आहे. आमची प्रतिकारयंत्रणा झोपलेली नाही. ती गरजेपेक्षा जास्त जागी आहे. बारा वर्षं झोप न झालेल्या माणसाला तुम्ही आणखी कडक चहा पाजताय.

आणि आता तुमच्या लाडक्या चीनकडे येऊ.

चीनमध्ये पारंपरिक औषधं आणि एचआयव्ही यांची गाठ पडली ती हनान प्रांतात, आणि ती गोष्ट सुखाची नाही. नव्वदच्या दशकात तिथले गरीब शेतकरी प्लाझ्मा विकायचे. अनेकांचं रक्त एकत्र करून प्लाझ्मा काढायचा आणि उरलेल्या तांबड्या पेशी परत त्यांच्याच अंगात सोडायच्या. एकाचा विषाणू गावभर. शांगचाय तालुक्यातलं वनलोउ हे गाव त्यासाठी जगभर माहीत झालं. काओ याओचिए नावाच्या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हे चव्हाट्यावर आणलं. २००३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो यासाठीच. सरकारने त्यांना इतका त्रास दिला की म्हातारपणी देश सोडावा लागला. २०२३ च्या डिसेंबरात त्या न्यूयॉर्कमध्ये वारल्या. आमच्या सेंटरमध्ये भिंतीवर कुणाचा फोटो लावायचाच झाला तर मी त्यांचा लावीन, पण तो मुद्दा वेगळा.

तर त्या प्रकरणानंतर चीन सरकारने एआरटी फुकट केली आणि २००४ पासून हनानसह पाच प्रांतांत पारंपरिक औषधंही फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे तो कार्यक्रम एकोणीस प्रांतांत गेला. हजारो लोकांनी काढे आणि कॅप्सूल घेतल्या. थकवा, जुलाब, भूक न लागणं यात बरं वाटल्याचे अहवाल आहेत, सीडीफोर टिकल्याचेही आहेत. पण बहुतेक अहवालांत तुलनेला दुसरा गट नाही, कोण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत, आणि पुष्कळ जण सोबत एआरटीही घेणारे. मग श्रेय कुणाचं? सासूबाई म्हणायच्या, दोन सुना मिळून केलेल्या पोळ्यांत कुणाची मऊ ते सांगू नये. २००५ साली वनौषधी आणि एचआयव्हीवरच्या चाचण्यांचा जो आढावा निघाला, त्यात निकषांत बसणाऱ्या नऊच चाचण्या सापडल्या, सगळ्या मिळून ४९९ माणसं. निष्कर्ष काय, तर वापरा असं सांगण्याइतका पुरावा नाही. त्या आढाव्याचे पहिले लेखक चिनीच होते, हे मुद्दाम नोंदवते.

या सगळ्या गर्दीत चीनमधलं एक काम मात्र मला फार आवडलं, आणि तुमच्या मेसेजमध्ये नेमकं तेच नव्हतं.

लेइ-गोंग-थंग म्हणून तिथे एक वेल आहे. नावाचा अर्थ गडगडाटाच्या देवाची वेल. विषारी. मुळाची साल नीट सोलून काढली नाही तर माणूस दगावतो. यकृत-मूत्रपिंडांना त्रास, पुरुषांत शुक्रजंतू घटतात, इतके की कधीकाळी तिथे पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी तिचा विचार झाला होता. तिचा वापर कशासाठी? संधिवातासाठी. म्हणजे जिथे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते, तिथे तिला खाली बसवण्यासाठी. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचार केला, की आकडा अडकलेल्या एचआयव्हीबाधितांच्या यंत्रणेला चेतवण्याऐवजी जरा शांत केलं तर? आधी मोजक्या लोकांवर अर्क वापरून पाहिला. मग वेलीतल्या द्रव्यावर रासायनिक काम करून त्याचं कमी विषारी रूप घेतलं. सुमारे दीडशे लोक, अनेक केंद्रं, काहींना औषध, काहींना हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी, कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही माहीत नाही. सगळ्यांची एआरटी चालूच. अट्ठेचाळीस आठवडे. जास्त डोस घेणाऱ्यांचा सीडीफोर रिकाम्या गोळीवाल्यांपेक्षा थोडा जास्त वाढला. थोडाच. त्यावर त्यांनी दुकान उघडलं नाही, पुढच्या मोठ्या चाचण्यांची गरज आहे असं लिहिलं.

पुन्हा वाचा. ‘चीनने सिद्ध केलं’ म्हणून तुम्ही जे विकताय त्याच्या बरोब्बर उलटा विचार आहे हा. त्यांनी प्रतिकारयंत्रणा दाबणारं विष थेंबाथेंबाने वापरलं, तुम्ही ‘बूस्टर’ विकताय, आणि दाखला मात्र त्यांचा.

बूस्टरचं म्हणाल तर तीही वाट तुडवून झाली आहे, आणि इंग्रजी औषधवाल्यांनीच तुडवली आहे. इंटरल्युकिन-२ नावाचं इंजेक्शन होतं. त्याने सीडीफोर खात्रीने वाढायचा. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून ५,८०० च्या वर माणसं, निकाल २००९ ला आला. आकडे छान वाढले. आजारपणं कमी झाली? नाही. मृत्यू? नाही. कागदावर पेशी वाढल्या, माणसाला उपयोग शून्य. तेव्हा उद्या तुमच्या काढ्याने माझा २२८ चा ३०० झाला, तरी मी विचारणार, टीबी कमी झाला का? दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या का? नुसता आकडा दाखवू नका. अडकलेला आकडा आम्हाला किती टोचतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही तोच विकता.

आता आतड्यातल्या जिवाणूंबद्दल. इथे तुमच्याशी भांडायचं नाही, उलट तुमच्या हातात एक खजिना आहे आणि तुमचं तिकडे लक्ष नाही असं वाटतं.

सोनामुखी घ्या. कुठल्याही किराणा दुकानात मिळते, माझ्या आजीच्या फडताळात कायम असायची. तिच्यातलं द्रव्य जठरात काही करत नाही, लहान आतड्यात काही करत नाही. मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्याच्यावरची साखर तोडतात आणि मग ते रेचक होतं. म्हणजे औषध अर्धं झाडाचं, अर्धं जिवाणूंचं! दारुहळदीचंही तसंच. तिच्यात बर्बेरीन असतं, आणि चिनी मंडळी जे हुआंग-लियन जुलाबांवर वापरतात त्यातही तेच. बर्बेरीन रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, मग काम कसं करतं हे कोडं होतं. २०१५ साली बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात, ते रूप भिंतीतून आत शिरतं आणि आत गेल्यावर परत बर्बेरीन होतं. ज्येष्ठमधाची गोडी, जिन्सेंगचं सत्त्व, सगळ्यांची हीच तऱ्हा. एकाच काढ्याने एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नाही, याला तुम्ही प्रकृती म्हणता. त्या प्रकृतीचा एक मोठा भाग कदाचित आतड्यात राहतो आणि तो मोजता येतो. यावर प्रबंध लिहायचे सोडून फोटोशॉप केलेले अहवाल कशाला पाठवता?

मात्र मोजताना घाई नको, याचीही गोष्ट ऐकून ठेवा. काही वर्षं सगळे म्हणत होते की एचआयव्ही झाला की आतड्यात प्रिव्होटेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तेच घातक. २०१६ साली बार्सिलोनाच्या गटाने दाखवलं की ती वाढ एचआयव्हीमुळे नव्हतीच. ती पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये, एचआयव्ही असो-नसो, तशीच दिसते. पाश्चात्त्य अभ्यासांत बाधित गटात अशा पुरुषांचं प्रमाण जास्त होतं, म्हणून गल्लत झाली. एचआयव्हीचा खरा ठसा होता तो जिवाणूंच्या विविधतेतली घट. आणि प्रिव्होटेला तर भाकरी-भात-डाळ खाणाऱ्या आपल्या लोकांत मुळातच भरपूर. म्हणजे तिकडच्या आकड्यांवर बेतलेलं ‘गट हेल्थ’चं, म्हणजे आतड्याच्या आरोग्याचं, पाकीट मी घेतलं, तर माझ्या ज्वारीच्या भाकरीलाच रोग समजायचं!

नुसते चांगले जिवाणू गिळून भागेल, असंही नाही. एका महागड्या प्रोबायोटिकची एचआयव्हीबाधितांवर रीतसर चाचणी झाली, रक्तातली जळजळ काही हलली नाही. माद्रिदला निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू कॅप्सूलमधून तीस जणांत दिले-न दिले असं करून पाहिलं. आतड्याच्या इजेचा एक निर्देशक उतरला, सीडीफोरने उडी मारली नाही. ही कल्पनाही, बरं का, चीनमध्ये जुनी. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने तातडीच्या उपचारांच्या पोथीत विषबाधा आणि जबर जुलाबांवर विष्ठेचं पाणी पाजायला सांगितलंय. (गोमूत्रवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये.)

त्याच पोथीत त्याने तापावर छिंगहाव नावाची वनस्पती नुसत्या पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यायला सांगितलंय. सोळाशे वर्षांनी तू योयो या बाईंनी ती ओळ वाचली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण उकळतोय म्हणून द्रव्य नासतंय. कमी तापमानाला उडणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला, स्वतःवर घेऊन पाहिला, आणि हिवतापावरचं आर्टेमिसिनीन जगाला मिळालं. २०१५ चं नोबेल. पूर्वजांचा अभिमान असाही बाळगता येतो. पोथीतली एक ओळ खरी ठरवायला बाईंनी आयुष्य घातलं. पोथीचा फोटो पाकिटावर छापून पैसे मागितले नाहीत.

सगळ्यात गंमत मला वाटली ती सेप्ट्रानची. साडेतीनशेच्या खाली सीडीफोर असलेल्या आम्हा लोकांना ती गोळी रोज असते. मीही वर्षानुवर्षं खातेय. जो तो सांगतो, ‘अँटिबायोटिक रोज? आतड्यातले चांगले जंतू मरतील, प्रतिकारशक्ती संपेल.’ मलाही खरंच वाटायचं. तर युगांडा आणि झिंबाब्वेतल्या एचआयव्हीबाधित मुलांवर पाहिलं गेलं. काहींची सेप्ट्रान थांबवली, काहींची चालू ठेवली. चालू ठेवलेली मुलं दवाखान्यात कमी वेळा भरती झाली. आणि पुढे २०१९ ला लक्षात आलं की त्यातला काही फायदा आतड्यातली जळजळ कमी झाल्यामुळे असावा. ती पांढरी, स्वस्त, कडू गोळी! तिच्या स्ट्रिपवर मात्र कुठेही ‘इम्युनिटी’ लिहिलेलं नसतं.

आता मागणं.

टीएलडी सोडायला कुणालाही, कधीही, तोंडी किंवा आडून सुचवू नका. ‘हळूहळू कमी करू’ हेही नको. एड्स बरा करतो असा दावा औषधावर करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या रोगांबद्दल असे दावे करायचे नाहीत त्यांच्या यादीत, पहिलं नाव एड्सचंच आहे. म्हणून तर तुम्ही ‘बरा करतो’ न म्हणता ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ म्हणता. गवंड्याला दोन्ही एकच ऐकू येतं.

दुसरं, पुडीत काय आहे ते लिहून द्या. हे मी हट्टाने मागते, कारण टीएलडीमधलं डोल्युटेग्राव्हिर लोह आणि कॅल्शियम यांच्याशी पोटातच बांधलं जातं आणि रक्तात कमी पोचतं. म्हणून सेंटरमध्ये सांगतात, रक्तवाढीच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी टीएलडी घ्या, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर घ्या. ॲसिडिटीच्या पातळ औषधातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम तर जेवणाबरोबरही नको. आता तुमच्याकडे बघा, लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळपिष्टी. लोह आणि चुनाच ना? तुमच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून कुणी भस्माची चाटणं आणि टीएलडी एकत्र रात्री नऊला घेत असेल, तर त्याच्या व्हायरल लोडचं काय होतं हे तुमच्यापैकी एकाने तरी तपासलंय का? हे काम करायला अमेरिका लागत नाही. पंचवीस माणसं, रक्ताच्या काही बाटल्या आणि एक चांगली प्रयोगशाळा. एखाद्या एम.डी. करणाऱ्या मुलीने मनावर घेतलं तर दोन वर्षांत होईल, आणि त्या प्रबंधाची एक प्रत मी स्वतः बाइंडिंग करून सेंटरमध्ये ठेवीन.

गुळवेलीचंही सांगते, कारण घरोघरी तीच चालते. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद छापली, करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले, आणि ती सूज प्रतिकारयंत्रणा स्वतःवर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयाने ते नाकारलं, म्हणालं वनस्पती ओळखण्यात चूक असेल. असेलही. पण मग गिऱ्हाईकाने वनस्पती कशी ओळखायची? आमच्यात कितीतरी जणांना टीबीच्या औषधांनी यकृत आधीच दमलेलं असतं.

आणि संशोधकांनो, पुण्यात भोसरीला देशाची एड्स संशोधन संस्था १९९२ पासून आहे. पुण्यातच जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे, भारतीय आतड्यांवर काम केलेले लोक आहेत. आयुर्वेदाची कॉलेजं तर गल्लोगल्ली आहेत. देशात सगळ्यात जास्त एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात, त्यातले आकडा अडकलेले हजारो. एआरटी वेळेवर घेतली की जोडीदाराला लागण जवळजवळ होत नाही, हे २०११ ला ज्या जागतिक चाचणीने दाखवलं, तिच्यात पुण्यातली जोडपी होती. म्हणजे आमची माणसं चाचणीत यायला घाबरत नाहीत, फसवणुकीला घाबरतात. एआरटी चालू ठेवून, रिकाम्या गोळीशी तुलना करून, विष्ठेचे नमुने घेऊन, काय झालं ते छापणार असाल, आणि काही नाही झालं तरी छापणार असाल, तर पहिलं नाव माझं लिहा. अकरा वाजेपर्यंत उपाशी राहायची मला सवय आहे, डबीत नमुना द्यायची लाज केव्हाच गेली.

माझी पुढची तारीख गुरुवारी आहे. सकाळी दहापासून औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर असेन, निळी पिशवी, मांडीवर शिवणकाम. कुणाला बोलायचं असेल तर जरूर या. येताना पुडीत काय काय आहे ते लिहून आणा.

आपली,
बाकावरची एक